अनोळखी अल्बम ऐकावा कसा आणि त्यावर लिहावे कसे

खानदेशात वाढलेल्या माणसाचा कान एकाच प्रकारच्या संगीतावर घडलेला नसतो. आखाजीला झोक्यावर म्हटलेली गौराईची गाणी, श्रावणात कानबाईची रात्र जागवणारी गाणी, वहीगायन, एकादशीचे भजन, वरातीपुढचा बँड आणि जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात थंडीत शाल गुंडाळून ऐकलेला ख्याल, हे सगळे त्या एकाच कानात सुखाने नांदत असते. यातल्या एकाचे माप दुसऱ्याला लावण्याची चूक आपण सहसा करत नाही. कानबाईच्या गाण्यात तान नाही म्हणून कोणी नाक मुरडत नाही, आणि ख्यालावर नाचता येत नाही अशी तक्रारही कोणी करत नाही. परक्या मुलखातले संगीत कानावर पडले की मात्र ही समज आपल्याला सोडून जाते आणि आपण पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतो.

मी धुळ्यात राहतो आणि संगीत शिकलेलो नाही. गेली काही वर्षे आठवड्याला एक, पूर्वी कधीही न ऐकलेला अल्बम ऐकायचा आणि त्यावर वहीत दोन पाने लिहायची, असा परिपाठ मी ठेवला आहे. पुढे सांगितलेली पद्धत मुख्यतः या काळात झालेल्या चुकांतून तयार झाली आहे, आणि तिचा सारा भर एका प्रश्नावर आहे: हे वाजवणारी माणसे स्वतः कशाकडे कान लावून वाजवत आहेत? त्याचे उत्तर हाती लागेपर्यंत ‘आवडले’ किंवा ‘नावडले’ हा शब्द वहीत येऊ द्यायचा नाही.

पहिली पायरी: अल्बम निवडणे

अल्बम म्हणजे गाण्यांची मोळी नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, बाजारात आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची जागा मिळाली. कशाने सुरुवात करायची, पहिली बाजू कुठे सोडायची आणि तबकडी उलटल्यावर श्रोत्याला पुन्हा कसे धरायचे, असा विचार कलावंत करू लागले तो त्यामुळे. म्हणून एलपीच्या काळातला अल्बम ऐकताना पहिली बाजू कुठे संपत होती ते आधी पाहून ठेवावे आणि तिथे खरोखर उठून पाणी पिऊन यावे. मोबाइलवर ही खूण दिसत नाही, पण रचनेत ती असते.

निवड अॅपच्या शिफारशींवर सोपवू नये, कारण आपण आधी जे ऐकले त्याच्या आसपासचेच ती पुढे करते. मी बारा-पंधरा प्रकारांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात ठेवल्या आहेत: जॅझ, हेवी मेटल, नायजेरियाचे आफ्रोबीट, क्युबाचे ‘सोन’ हे नृत्यसंगीत, जावाचे गॅमेलान (घंटा आणि धातूच्या वाद्यांचा संच), अँबियंट (वातावरणात विरून राहणारे संथ संगीत), हिप-हॉप, कर्नाटक संगीत, कव्वाली वगैरे. रविवारी एक चिठ्ठी निघते आणि त्या प्रकारातला एक अल्बम त्या आठवड्याचा होतो. आठवड्याला एकापेक्षा जास्त घेऊ नये. अधाशीपणाने तीन ऐकले की तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि वहीत काहीही उतरत नाही.

अगदी नवख्याने पहिला सराव ओळखीच्या सुरांवर करावा. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ यासाठी उत्तम आहे. संतूर, बासरी आणि गिटार यांतून एका मेंढपाळाचा दिवस उभा करायचा, अशी त्याची कल्पना आहे. सकाळच्या अहिर भैरवापासून निघून शेवटी पहाडीपर्यंत जाताना क्रम हाच कसा अर्थ होतो ते इथे सहज कळते. राग आपल्या ओळखीचे असल्यामुळे सगळे लक्ष मांडणीवर ठेवता येते.

दुसरी पायरी: जागा, वेळ आणि यंत्र

या पायरीचे महत्त्व मला एका मे महिन्यात पटले. इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांचा १९७८ चा ‘अँबियंट १: म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ मी दुपारी ऐकत होतो. बाहेर चव्वेचाळीस अंश, खोलीत कूलर. संगीताखाली एक सलग, किंचित थरथरता पाण्यासारखा नाद आहे आणि तोच या अल्बमचा प्राण आहे, असे मी वहीत मोठ्या खात्रीने लिहिले. तेवढ्यात वीज गेली. मोबाइल वाजत राहिला आणि तो नाद मात्र कूलरबरोबर बंद झाला. तेव्हापासून उन्हाळ्यात मी पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ धरतो. लग्नसराईत संध्याकाळ तर विसरावीच, कारण आपल्याकडच्या बँडपुढे जगातला कोणताही अल्बम टिकत नाही.

हेडफोन महागडा असण्याची गरज नाही, पण दर वेळी तोच असावा, म्हणजे त्याचे दोष आपल्या परिचयाचे होतात. खर्ज जास्त फुगवणारा हेडफोन असेल तर तसे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. शक्य असल्यास एकदा हेडफोनवर आणि एकदा खोलीतल्या स्पीकरवर ऐकावे. सुरांची बारीक नक्षी हेडफोनवर दिसते, तर तालाचा धक्का अंगाला लागतो तो स्पीकरवर. आवाज एकदा ठरवला की ऐकताना वाढवू नये, कारण तेच संगीत थोडे मोठे केले की कानाला अधिक चांगले वाटते आणि परीक्षण बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. शेजारी बसलेल्या माणसाला आपल्या हेडफोनमधले गाणे ऐकू येत असेल तर आवाज कमी करावा, एवढी साधी खूण पुरते.

सेटिंगमध्ये जाऊन शफल, ऑटोप्ले, क्रॉसफेड आणि इक्वलायझर या चारही गोष्टी बंद कराव्यात. क्रॉसफेड दोन गाण्यांमधली शांतता खातो, आणि ती शांतता पुष्कळदा हेतूने ठेवलेली असते. शफलबद्दल मला बोलायचा अधिकारच नाही. एका अल्बमच्या ‘धाडसी क्रमा’ची मी पाऊण पान तारीफ केली होती आणि आठवड्याने कळले की तो क्रम माझ्या फोनने लावला होता.

आवृत्तीही तपासावी. फेरप्रकाशनात शेवटी जोडलेली जास्तीची गाणी मूळ शेवटाची वाट लावतात, म्हणून ती पहिल्या ऐकण्यातून वगळावीत. कधी फरक याहून खोल असतो. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू ध्वनिमुद्रित होताना टेपयंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे योग्य वेगाने वाजवल्यावर ती बाजू थोडी चढ्या सुरात ऐकू येत असे. ही चूक १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ लोकांनी मनापासून ऐकली ती किंचित वेगवान पहिली बाजू. आपण कोणती ऐकतो आहोत हे परीक्षकाने एका ओळीत नोंदवावे.

तिसरी पायरी: तीन वेळा ऐकणे

कोणताही अल्बम तीनदा ऐकावा, कमी नाही आणि जास्तही नाही. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ ओळखीमुळे ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. एक अल्बम दहा वेळा आणि दुसरा एकदा ऐकून दोघांची तुलना केली तर आपण ओळखीलाच गुण देत असतो. सर्वांना सारखी संधी मिळावी म्हणून हा आकडा ठरवून टाकलेला बरा.

पहिल्या वेळी काहीही वाचू नये, लिहू नये, मुखपृष्ठही फार न्याहाळू नये. आडवे पडून अथपासून इतिपर्यंत ऐकावे. कंटाळा आला तर येऊ द्यावा, फक्त तो कुठे आला ते मनात ठेवावे. दुसऱ्या वेळी पेन घ्यावे आणि डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे जे घडले ते, अशा दोन रकाने केलेल्या पानावर नोंदी कराव्यात. इथे मते नकोत, घटना हव्यात: ‘३.१० ढोल थांबले’, ‘४.०५ बाईचा आवाज, एकच ओळ’, ‘५.३० तीच ओळ, मागे आता तिघे’. वाद्याचे नाव माहीत नसेल तर ‘पत्र्यावर खडे पडल्यासारखे’ असे लिहावे. चुकीचे नाव लिहिण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी पडते. तिसरे ऐकणे या दोन्हींहून वेगळे असल्यामुळे त्याला स्वतंत्र पायरी द्यावी लागते.

चौथी पायरी: त्या संगीताची सम शोधणे

तबल्याच्या साथीने गाणे ऐकताना ख्याल न शिकलेला माणूसही समेवर, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवतो. परक्या संगीतातही वाजवणाऱ्यांना एकत्र बांधणारी अशी काहीतरी जागा असते. ती नेहमी तालातच असते असे नाही, पण ती सापडेपर्यंत सगळा गोंधळ वाटतो आणि सापडल्यावर तेच संगीत आपोआप उलगडते. तिसऱ्या ऐकण्यात हीच जागा शोधायची. काही प्रकारांत ती कुठे शोधावी, हे उदाहरणांनीच सांगतो.

‘काइंड ऑफ ब्लू’मधली पहिली रचना ‘सो व्हॉट’ घ्यावी. पियानो आणि बास यांची छोटी, धूसर प्रस्तावना संपली की बास एक वाक्य बोलतो आणि बाकीचे दोन सुरांच्या ठोक्याने ‘हो’ म्हणतात. भजनात बुवांच्या ओळीला टाळकरी उत्तर देतात, तसेच हे आहे. यापुढे बोटांवर मोजावे: चार मात्रांचा एक गट, असे सोळा गट एका स्वरसप्तकात, मग तेच सप्तक अर्ध्या सुराने वर सरकून आठ गट, आणि परत खाली येऊन आठ. बत्तीस गटांचे हे आवर्तन शेवटपर्यंत फिरत राहते आणि ट्रम्पेट, दोन सॅक्सोफोन व पियानो आळीपाळीने त्यावर आलापी करतात. वर सरकण्याची जागा एकदा कानाला पकडता आली की प्रत्येक वादक त्या वळणावर काय करतो हे पाहण्याची गोडी लागते. जॅझ म्हणजे मनाला येईल ते वाजवणे, हा आपल्याकडचा समज मला तरी या मोजणीनेच सोडावा लागला.

क्युबाच्या संगीतासाठी हवानात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ घ्यावा. त्यात ‘क्लावे’ नावाचा पाच ठोक्यांचा आकृतिबंध पायाशी असतो. एका आवर्तनाचे सोळा सारखे भाग करावेत आणि १, ४, ७, ११ आणि १३ या भागांवर टाळी द्यावी. काही रचनांत याचे दोन अर्ध उलटे, म्हणजे आधी दोन ठोके आणि मग तीन, असे येतात. ही टाळी प्रत्यक्ष कोणी वाजवत नसले तरी इतर वाद्ये तिचे भान ठेवून चालतात. आपल्याला सोळा मात्रांची सवय आहे, पण चार-चारच्या समान विभागांची. म्हणून सुरुवातीला हात चुकतो. दहा मिनिटे कोरडी टाळी वाजवून मगच अल्बम लावावा.

जावाच्या गॅमेलानमध्ये दोन अडचणी येतात. पहिली सुरांची: प्रत्येक संचाचे सूर त्या संचापुरते लावलेले असतात, त्यामुळे एका संचातले वाद्य दुसऱ्यात बसेलच असे नाही, आणि हार्मोनियमवर वाढलेल्या कानाला ते बेसूर वाटते. शेजारच्या बालीमध्ये तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित सरकवून लावतात, म्हणजे नाद लहरत राहतो. हा दोष समजून परीक्षण लिहिले तर ते स्वतःच्याच अज्ञानाचे परीक्षण होते. दुसरी अडचण तालाची: इथे सर्वांत मोठी घंटा आवर्तनाच्या शेवटच्या ठोक्यावर पडते. सम पहिल्या मात्रेवर धरायच्या आपल्या सवयीला इथे मुरड घालावी लागते.

हेवी मेटलकडे मी भीतभीतच गेलो. ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाचा त्याच नावाचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. तो पाऊस आणि चर्चच्या घंटेच्या आवाजाने सुरू होतो आणि मग गिटारवर तीन स्वर येतात: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. यमनात जो तीव्र मध्यम संध्याकाळ उजळवतो, तोच इथे अंगावर काटा आणतो. हे कळल्यावर मी तो तुकडा तंबोऱ्याच्या अॅपबरोबर गुणगुणून पाहिला आणि बराच वेळ हसत बसलो. गिटारवादक टोनी आयोमी यांच्या दोन बोटांची टोके तरुणपणी कारखान्यातल्या अपघातात तुटली होती आणि ते प्लॅस्टिकच्या टोप्या लावून वाजवत. इथे सम मोजायची नाही, तर सुरांचे वजन जोखायचे. वेगापेक्षा जडपणा ऐकावा.

ईनो यांच्या अल्बममध्ये तर सम नाहीच, आणि ते कळणे हेच उत्तर आहे. त्यातल्या एका रचनेत मानवी आवाजांच्या टेपची वेगवेगळ्या लांबीची वेटोळी एकाच वेळी फिरत ठेवली आहेत, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा नव्या रीतीने एकमेकांशेजारी येतात. ‘यात काही घडत नाही’ ही तक्रार इथे गैरलागू आहे. विमानतळावर वाट पाहणाऱ्या माणसाचे मन निवावे, एवढेच त्या संगीताला करायचे आहे. जात्यावरच्या ओवीला आपण मैफिलीच्या अपेक्षा लावत नाही. दळण संपेपर्यंत तिने साथ दिली की झाले.

पाचवी पायरी: वाचन आणि शब्द

दुसरे ऐकणे झाल्यावरच वाचन करावे. आधी वाचले तर आपण वाचलेलेच ऐकतो आणि मुळीच वाचले नाही तर काही अल्बम अर्धेच कळतात. नायजेरियाचे गायक-संगीतकार फेला कुटी यांचा १९७६ चा ‘झॉम्बी’ हे त्याचे ठळक उदाहरण. बारा मिनिटांहून मोठ्या शीर्षकगीतात गायन सुरू व्हायलाच काही मिनिटे लागतात. तोवर टोनी अॅलन यांचे ड्रम्स, दोन-तीन गिटारी आणि ब्रासचा ताफा एकच चाल घट्ट विणत राहतो. माझ्याकडे आलेल्या एका तरुण पाहुण्याने तिसऱ्याच मिनिटाला विचारले, “हाई काय वाजी ऱ्हायनं भो? गाणं कवय लागी?” प्रश्न रास्त होता. मी त्याला काठी गावच्या होळीची आठवण दिली. नंदुरबार जिल्ह्यातल्या त्या होळीत रात्रभर ढोल चालतो आणि ‘आता गाणे कधी सुरू होणार’ असे तिथे कोणी विचारत नाही. चाल हेच तिथे गाणे असते.

शब्द मात्र वेगळे काही सांगतात. आज्ञा मिळेल तसे चालणाऱ्या, थांबणाऱ्या, वळणाऱ्या सैनिकांची ती थट्टा आहे. फेब्रुवारी १९७७ मध्ये लष्कराच्या सैनिकांनी फेला यांच्या लागोसमधल्या वस्तीवर हल्ला करून ती जाळली. त्यांच्या वृद्ध आईला खिडकीतून फेकण्यात आले आणि पुढच्या वर्षी त्या वारल्या. हे कळल्यावर ती नाचरी चाल पूर्वीसारखी ऐकू येत नाही. तरीही परीक्षणात इतिहासाने संगीताची जागा घेऊ नये. कलावंताने सोसलेल्या दुःखाबद्दल गुण द्यायचे नसतात. भाषा कळत नसेल तर शब्दांचा अर्थ तिसऱ्या ऐकण्याआधी एकदा वाचून बाजूला ठेवावा, ओळीओळीने डोळे लावून ऐकू नये.

सहावी पायरी: परीक्षण लिहिणे

तिसऱ्या ऐकण्यानंतर दोन दिवस जाऊ द्यावेत. या दोन दिवसांत जे आपोआप ओठांवर येते त्याची नोंद करावी. लिहायला बसल्यावर पहिल्या परिच्छेदात अल्बमचे नाव, वर्ष, कलावंत, आवृत्ती आणि या प्रकाराशी आपली ओळख किती, हे प्रामाणिकपणे सांगावे. ‘गॅमेलान मी पहिल्यांदा ऐकत आहे’ असे वाक्य परीक्षणाची किंमत कमी करत नाही. वाचकाला आपले मत कुठून येते आहे ते कळते.

दुसऱ्या भागात अल्बम काय करू पाहतो ते लिहावे आणि तिसऱ्यात ते जमले का, हे वहीतल्या जागा दाखवून सांगावे. मधुर, भन्नाट, अप्रतिम, कर्णकर्कश ही विशेषणे मी पहिल्या खर्ड्यात येऊ देतो आणि दुसऱ्यात प्रत्येकाखाली रेघ मारून ‘कुठे?’ असे विचारतो. उत्तर मिळाले नाही तर शब्द खोडतो. ‘झॉम्बी’बद्दल माझे पहिले वाक्य होते: “संगीत एकसुरी असून फार लांबले आहे.” दुरुस्त वाक्य असे झाले: “गिटारीची चाल जवळजवळ बदलत नाही, म्हणून पहिल्यांदा ऐकताना मला ती लांबलेली वाटली, तिसऱ्यांदा लक्षात आले की बदल ड्रम्समध्ये सतत चालू आहेत आणि गिटार स्थिर आहे म्हणूनच ते ऐकू येतात.” दुसरे वाक्य लांब आहे, पण त्यावर कोणालाही अल्बम लावून माझ्याशी वाद घालता येईल.

तुलना जपून करावी. ‘हे तर यांचे कुमार गंधर्व’ असली वाक्ये दोघांवरही अन्याय करतात. तुलना माणसांची न करता एखाद्या क्रियेची करावी, जसे बास आणि टाळकरी यांची वर केली. गुण द्यायचे असतील तर दोन वेगळे आकडे द्यावेत: अल्बम स्वतःचे काम किती नीट करतो याचा एक, आणि मला तो पुन्हा ऐकावासा वाटतो का याचा दुसरा. माझ्या वहीत ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ला नऊ आणि पाच आहेत. हे दोन आकडे एकत्र करून सरासरी काढण्याचा मोह टाळावा.

वर्षाने तोच अल्बम पुन्हा ऐकून जुन्या परीक्षणाशेजारी वेगळ्या शाईने लिहावे, जुने खोडू नये. आणि चिठ्ठ्यांच्या डब्यात एक चिठ्ठी आपल्या मुलखाचीही टाकावी. मागच्या हिवाळ्यात माझ्या हाती ‘पावरी’ची चिठ्ठी आली. सातपुड्याच्या बाजूची ही फुंकून वाजवायची वादनपरंपरा लहानपणापासून कानावर होती, म्हणून ती मला कळते असे मी धरून चाललो होतो. दोन रकान्यांचे पान मांडून बसलो तेव्हा पहिल्या चार मिनिटांत डावीकडे मिनिट-सेकंदाच्या अकरा नोंदी पडल्या होत्या आणि उजवीकडे प्रत्येकीसमोर एकच शब्द होता: ‘तेच’. चिठ्ठी परत डब्यात टाकली आहे.